बडोद्याच्या गायकवाडांच्या पदवीतल्या 'सेना खासखेल'चा अर्थ काय?

'सेना खासखेल' म्हणजे राजाच्या खास घोडदळाचा सरदार. यातल्या 'खेल'चा खेळाशी संबंध नाही. तो अरबी 'खैल', म्हणजे घोडे किंवा घोडदळ, आणि फारसीतून आपल्याकडे आला. कान्होजी आंग्र्यांच्या 'सरखेल'मध्येही तोच आहे. घोड्यांचा शब्द आरमाराच्या प्रमुखाला लागला, हे मला फार विलक्षण वाटतं. आमच्या बडोद्यात कुणाकडे तिसऱ्या सयाजीरावांचा तांब्याचा पैसा असेल तर जरूर पाहा, ही पदवी त्यावर नागरीत वाचता येते. मात्र तिला 'सेनापती' समजू नका. साताऱ्याच्या शाहू महाराजांचं सेनापतिपद दाभाड्यांकडे होतं, गायकवाड त्यांचे मुतालिक, म्हणजे दुय्यम. पदवीतलं पुढचं 'समशेर बहादूर' वेगळं: ते १७२० च्या बाळापूरच्या लढाईनंतर पहिल्या दमाजींना मिळालं.