वाचकांचे प्रश्न : शस्त्रक्रियेनंतर घरी येताना

प्रश्न : आईचं वय ७४. पडल्यामुळे खुब्याचा सांधा बदलावा लागला. आठवड्याभरात घरी आणायचं आहे. दवाखान्यात असतो तसा वर-खाली होणारा पलंग भाड्याने घ्यावा का? आणि घरात आणखी काय बदलू?

पलंगाच्या आधी एक मोजपट्टी घ्या. आईंना पाय जमिनीला टेकवून बसवा आणि गुडघ्यामागच्या खळगीपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. समजा ते ४२ सेंटीमीटर भरलं, तर त्यांची बसण्याची प्रत्येक जागा, म्हणजे पलंग, खुर्ची, कमोड, साधारण ४५ ते ४७ सेंटीमीटर उंच हवी. गुडघा खुब्यापेक्षा वर गेला की नव्या सांध्यावर ताण येतो आणि उठताना सगळं अंग पुढे झोकावं लागतं. त्या झोकातच तोल जातो.

चूक होते ती रिकामी गादी मोजल्यामुळे. जाड फोमची गादी माणूस बसल्यावर सहज पाच सेंटीमीटर दबते, कडेला त्याहूनही जास्त. म्हणून कडेवर कुणाला तरी बसवून मगच मोजा. उंची कमी पडली तर चारही पायांखाली खाच असलेले लाकडी ठोकळे द्या. सुट्या विटा सरकतात. पलंगाला चाकं असतील तर आधी काढा. फार उंचही नको. पाय लोंबकळले, तर उतरताना माणूस घसरतच खाली येतो.

आईंचा पलंग या मापात बसत असेल, तर भाड्याच्या पलंगाची गरज नाही. त्याची डोक्याकडची बाजू जास्त उचलली तर खुबा नको तितका वाकतो, आणि बाजूचे कठडे रात्री ओलांडायला गेलेला माणूस जास्त उंचावरून पडतो. सोफा तर काही आठवडे विसराच. दोन्ही हात असलेली, न हलणारी खुर्ची द्या. उठताना हात खुर्चीवर दाबायचे आणि उभं राहिल्यावर वॉकर धरायचा. वॉकर ओढून उठायला गेलं की तो अंगावर येतो.

वॉकरची उंची चप्पल घालून, हात सैल सोडून उभं असताना ठरवा. वॉकरची मूठ मनगटाच्या घडीशी आली पाहिजे. चारही पायांची बटणं ‘टक्’ वाजून पूर्ण बाहेर आली का, हे बोटाने चाचपून पाहा. एखादं अर्धवट राहिलं तर तो पाय भार पडल्यावर आत जातो. खालच्या रबरी टोप्यांच्या रेघा झिजल्या असतील तर टोप्या बदला, ओल्या फरशीवर त्या साबणासारख्या सरकतात.

मग पलंग ते संडास हा रस्ता. या दुखण्यात सगळ्यात जपायचं ते इथेच, कारण तो रात्री, झोपेत आणि घाईत चालला जातो. पायपुसणी, सतरंज्या, चार्जरच्या वायरी उचला. दाराची चौकट मोजू नका. दार उघडून मधली मोकळी जागा मोजा, कारण उघड्या दाराची जाडीही त्यातून वजा होते. वॉकरही खालून मोजा, त्याचे पाय वरच्यापेक्षा फाकलेले असतात. पलंगावरून हात पोचेल असा दिवा ठेवा. उठल्यावर एक-दोन मिनिटं कडेवर बसूनच राहायचं, नाहीतर रक्तदाब उतरून घेरी येते.

किती वाकायचं, पायावर पाय टाकायचा का, कुशीवर कसं वळायचं, हे सांधा पुढून बसवला की मागून यावर ठरतं. घरी निघण्याआधी सर्जनकडून हे लिहूनच घ्या.

प्रश्न : बाथरूममध्ये चिकटवायचे, व्हॅक्युमचे हँडल लावले तर चालतील का? टाइल्स फोडायची इच्छा नाही.

नाही. साबणाचा थर आणि वाफ यांमुळे त्यांची पकड हळूहळू सुटते, आणि सुटली हे कळतं ते भार दिल्यावरच. टॉवेलची दांडीही आधार नव्हे.

स्क्रूने बसवायची आधाराची दांडी लावा. त्यासाठी टाइल फोडावी लागत नाही, भोक पाडावं लागतं. आधी टाइल ठोकून पाहा. पोकळ वाजली तर मागे माल नाही, तिथे ती तडकणार. खुणेवर चिकटपट्टी लावा म्हणजे ड्रिल घसरत नाही, आणि टाइल पार होईपर्यंत ड्रिलचा हॅमर (ठोके देणारी सोय) बंद ठेवा. स्क्रू टाइल आणि मागचा गिलावा ओलांडून विटेत किंवा काँक्रीटमध्ये रुतला पाहिजे, म्हणून आखूड स्क्रू नकोत. साधारण ७५ मिलिमीटरचे घ्या. नळाच्या सरळ वर-खाली भोक पाडू नका, पाइप बहुधा तिथूनच गेलेला असतो. दांडी कमोडशेजारी, जोरकस हाताच्या बाजूला लावा. लावून झाली की घरातल्या सगळ्यात वजनदार माणसाने ती ओढून बघावी.

अंघोळीला पाठ असलेली, रबरी बुडाची खुर्ची. मोरीच्या उतारावर ती डुगडुगते, तेव्हा प्रत्येक पायाची उंची वेगळी करता येणारीच घ्या. आतली कडी काढून टाका. दार आत उघडत असेल तर तेही काढून पडदा लावलेला बरा: माणूस दाराला टेकून पडला, तर बाहेरून ते ढकलता येत नाही.

प्रश्न : सासऱ्यांचा गुडघा बदलला आहे. खाली उशी घेतली की त्यांना बरं वाटतं, पण नणंद म्हणते उशी देऊ नका. कुणाचं ऐकू?

नणंदेचं. वाकलेल्या स्थितीत गुडघ्याला आराम पडतो हे खरं, पण तासन्‌तास तसाच राहिला तर तो पुन्हा पूर्ण सरळ होत नाही आणि चाल कायमची लंगडी पडते. टॉवेलची गुंडाळी टाचेखाली द्या, गुडघा अधांतरी राहू दे. सूज उतरवायला पाय उंच करायचा असेल तर उशी पोटरीपासून टाचेपर्यंत, लांबीने ठेवा. बर्फ कापडात गुंडाळून, एका वेळी १५-२० मिनिटं. मात्र एकच पोटरी टणक होऊन सुजली, दुखू लागली तर त्याच दिवशी डॉक्टर. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर वाट न बघता थेट दवाखाना.

प्रश्न : शस्त्रक्रियेनंतर वडील संध्याकाळपासून असंबद्ध बोलतात, सकाळी ठीक असतात. स्मृतिभ्रंश सुरू झाला का?

दोन-चार दिवसांत सुरू झालेला आणि तासातासाला बदलणारा गोंधळ बहुधा स्मृतिभ्रंशाचा नसतो. मागे वेदना, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, जंतुसंसर्ग, कमी झालेलं सोडियम किंवा एखादं नवं औषध असतं. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, चालू गोळ्यांची यादी जवळ ठेवा. झोपेची गोळी मनाने देऊ नका, गोंधळ वाढतो. चष्मा आणि श्रवणयंत्र लावलेलं असू द्या. दवाखान्यातून आलेल्या पिशवीच्या तळाशी ते बरेचदा तसंच पडून असतं. दिवसा पडदे उघडे ठेवा, समोर मोठ्या आकड्यांचं घड्याळ लावा.

प्रश्न : जिना कसा चढवायचा?

चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी ऑपरेशनचा. काठी नेहमी ऑपरेशनच्या पायाबरोबरच पुढे टाकायची. मदतनीस एक पायरी खाली राहील, वर नाही.