शाळेत टॅब मिळालेत, आता पुस्तकं बंद करू का?

मॅडम, अभिनंदन! पण पुस्तकं दप्तरातून इतक्यात काढू नका. बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आहेतच. ते दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवर स्कॅन केले की त्या धड्याचं साहित्य उघडतं. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२०चं ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, त्यामागेही क्यूआर कोड जोडलेली पुस्तकंच होती.

पहिला महिना एवढंच करा:

- एकच घटक घ्या. अपूर्णांक उत्तम.
- व्हिडिओ आदल्या दिवशीच डाउनलोड करून ठेवा. रेंज आणि वीज ऐनवेळी दगा देतात.
- दोन मिनिटांनी व्हिडिओ थांबवा. "पाव मोठा की अर्धा? का?" उत्तर वहीत लिहून घ्या.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे अख्खा व्हिडिओ लावून आपण हजेरीपट भरत बसणं. वर्ग शांत असतो, म्हणून मुलं शिकतायत असं वाटतं. दुसरी, टॅब कायम हुशार मुलाच्याच हातात राहणं. तिघांत एक द्या आणि दर प्रश्नाला हात बदला, मागे बसणारी मुलगीही बोट फिरवू दे.

घटकाआधी पाच गणितं द्या, संपल्यावर तशीच पाच. फरक दिसला तरच पुढे जा. ऑनलाइन चाचण्यांचं दिवाळीनंतर बघू.