नम्रतेचा धडा आणि वर्गातील दोन मुले

पत्र: "मी अहिल्यानगर जिल्ह्यातील एका गावातल्या मंडळीत पाच ते आठ वर्षांच्या मुलांची शब्बाथ शाळा (रविवारचा बायबलवर्ग) घेते. मध्यंतरी मी त्यांना परुशी व जकातदार यांचा दाखला (मी इतरांसारखा पापी नाही म्हणून देवाचे आभार मानणारा परुशी आणि आपल्या पापाची क्षमा मागणारा जकातदार यांची येशूने सांगितलेली गोष्ट) शिकवला आणि तो छोट्या नाटुकल्याच्या रूपाने बसवला. ज्या मुलीचे पाठांतर उत्तम आहे तिला मी परुश्याचे काम दिले, कारण त्याची प्रार्थना लांब आहे. तेव्हापासून मुले तिला 'परुशीण' म्हणून चिडवतात. तिने वर्गात वचने म्हणणे बंद केले आहे आणि तिच्या आईने मला विचारले की, देवाने दिलेली बुद्धी दिसली तर ते पाप आहे का. त्याच तासाला मी मुलांना विचारले होते, 'तुमच्यापैकी नम्र कोण आहे?' तेव्हा शेतमजुरी करणाऱ्या घरातला एक मुलगा हात वर करून म्हणाला, 'बाई, मी. मला काहीच येत नाही.' ते उत्तर माझ्या मनातून जात नाही. पाळकसाहेब म्हणतात की गर्व कोवळ्या वयातच खुडला पाहिजे, तेव्हा हा विषय सोडू नका. मी पुढे काय करू? माझे नाव छापू नये."

प्रिय ताई,

तुमच्या पत्रात दोन मुलांचे दुःख आहे आणि ते दोन्हीकडे एकाच कारणाने आले आहे. त्या दिवशी वर्गात नम्रता ही मोजण्याची गोष्ट झाली. गर्विष्ठ कोण आणि नम्र कोण असा प्रश्न समोर आला की पाच-सहा वर्षांचे मूल स्वतःच्या मनात डोकावत नाही, कारण तेवढी समज त्या वयात आलेली नसते. ते शेजारी बसलेल्या मुलाकडे पाहते. मग एकीला परुश्याचे नाव चिकटले आणि दुसऱ्याने जकातदाराची जागा स्वतःहून घेतली. मंदिरात उभ्या असलेल्या परुश्यानेही हेच केले होते: त्याने प्रार्थना देवाला केली, पण लक्ष दूर उभ्या असलेल्या जकातदाराकडे ठेवले. "मी परुशिणीसारखी नाही" असे मनाशी म्हणणारी तुमची मुले नकळत त्याचीच प्रार्थना म्हणत आहेत. यात त्यांचा दोष नाही. लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात दाखला सुरू होण्याआधीच सांगितले आहे की, आपण नीतिमान आहोत असा भरवसा धरून जे इतरांना तुच्छ मानत होते, त्यांना उद्देशून येशूने तो सांगितला. तो मोठ्यांना सांगितलेला दाखला आहे. लहान मुलांना तो अवश्य ऐकवावा. मात्र त्यातील पात्रे त्यांच्यात वाटू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे, कारण या वयात नाटक संपते पण मिळालेले नाव संपत नाही.

आधी त्या मुलीविषयी लिहिते, कारण तिचे काम तातडीचे आहे. येत्या रविवारी वर्गाच्या सुरुवातीलाच, तिचे नाव न घेता, मुलांना सांगा की परुशी हा चिडवण्याचा शब्द नाही. परुशी हे शास्त्राचा मनापासून अभ्यास करणारे यहूदी लोक होते. येशूकडे रात्री येऊन प्रश्न विचारणारा निकदेम परुशी होता, आणि येशूला वधस्तंभावरून उतरवल्यावर त्याच्या देहासाठी सुगंधी द्रव्ये घेऊन आला तोही हाच निकदेम. फिलिप्पैकरांस पत्र लिहिताना प्रेषित पौलाने स्वतःची ओळख नियमशास्त्राच्या दृष्टीने परुशी अशीच करून दिली आहे. एवढे सांगितले की त्या नावातले विष बरेचसे उतरेल, आणि मुलांना शास्त्रातली एक खरी गोष्टही कळेल. त्यानंतर वर्गाबाहेर, एकटीला गाठून, तिला सांगा की ते काम तुम्ही तिला तिचे पाठांतर चांगले असल्यामुळे दिले होते, ती तशी आहे म्हणून नव्हे. हे वाक्य तिला तुमच्या तोंडून ऐकण्याची गरज आहे. मुले स्वतःच्या परीने अर्थ लावतात, आणि तिने लावलेला अर्थ बहुधा असा आहे की बाईंनाही मी तशीच वाटते.

तिच्या आईच्या प्रश्नाचे उत्तर "नाही" असे आहे आणि ते तुम्ही घरी जाऊन, स्वच्छ शब्दांत द्यावे. पाठांतर चांगले असणे, आवाज गोड असणे, हात पहिल्यांदा वर जाणे यांत गर्व नाही. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल विचारतो की, तुला मिळालेले नाही असे तुझ्याजवळ काय आहे. आणि मिळालेले असताना, मिळालेले नाही असा अभिमान तू का बाळगतोस? यात देणगी लपवायला सांगितलेले नाही, ती देणाऱ्याची आठवण ठेवायला सांगितले आहे. त्या मुलीला पुन्हा वचन म्हणायला लावताना घाई करू नका. आधी तिला एखाद्या लहान मुलाला वचन शिकवायला द्या. जे तिला येते ते दुसऱ्याला येऊ लागले याचा आनंद तिला एकदा मिळाला, की ती आपोआप वर्गासमोर उभी राहील. तिची स्तुती करताना "सगळ्यांत हुशार" असे शब्द टाळा. "तू ते वचन सावकाश म्हटलेस, म्हणून मागे बसलेल्यांना कळले" असे, घडले तेवढेच सांगा.

आता त्या मुलाविषयी. ताई, तुमच्या पत्रातली ही ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. "मला काहीच येत नाही" हे उत्तर नम्रतेचे नाही, ते दुखावलेल्या मुलाचे उत्तर आहे; आणि वर्गात ते योग्य उत्तर म्हणून खपून गेले तर शास्त्राच्या नावाने त्याच्यावर मोठा अन्याय होईल. आपल्या जिल्ह्यातील अनेक ख्रिस्ती घरांच्या मागच्या पिढ्यांना गावात मान खाली घालून चालावे लागले. विहिरीवर, वाड्यासमोर, शाळेच्या दारात त्यांना कमी लेखले गेले, आणि सुवार्तेने त्यांना दिलेली पहिली गोष्ट कोणती असेल तर ती ताठ मानेने उभे राहण्याची. अशा घरांतल्या मुलांना नम्रता शिकवताना आपण विशेष जपले पाहिजे. ज्याला जगाने आधीच वाकवले आहे त्याला आणखी वाकायला सांगणे ही येशूची शिकवण नाही.

दाखल्यातला जकातदार गरीब होता असे आपण सहज धरून चालतो, पण तसे मानायला आधार नाही. जकातदार रोमी सत्तेच्या वतीने कर गोळा करत आणि त्यांतले पुष्कळजण ठरलेल्यापेक्षा जास्त उकळत. लूकच्याच पुढच्या अध्यायात यरीहोचा जक्कय येतो. तो मुख्य जकातदार होता आणि श्रीमंत होता. मंदिरातल्या जकातदाराने ऊर बडवून घेतला तो आपल्या हातून घडलेल्या पापाबद्दल, पैसे किंवा शिक्षण नसल्याबद्दल नव्हे. तुमच्या वर्गातल्या त्या मुलाने कोणते पाप केले आहे? त्याची जागा त्या दाखल्यात नाही, आणि हे त्याला जरूर सांगा. मोठ्या शब्दांत नको, "देवासमोर लाजायचे ते चुकीच्या वागण्याबद्दल, कपड्यांबद्दल किंवा न येणाऱ्या वाचनाबद्दल नाही" एवढेच. त्याच्यासाठी इस्राएल लोकांना मिसरच्या गुलामीतून बाहेर काढणारा मोशे आहे. गणना या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात मोशेला पृथ्वीवरील सर्व माणसांपेक्षा नम्र म्हटले आहे. आणि हाच मोशे मिसरचा राजा फारो याच्यासमोर उभा राहून "माझ्या लोकांना जाऊ दे" हा देवाचा निरोप सांगतो. आपल्याला बोलता येत नाही, आपली जीभ जड आहे असे त्यानेही म्हटले होते, आणि देवाने ते कौतुकाने ऐकून घेतले नाही. त्याने त्याला पाठवले. येशूची आई मरीया हिचे गीतही त्या मुलाने ऐकले पाहिजे, ज्यात देव अधिपतींना आसनांवरून खाली ओढतो आणि दीनांना उंच करतो.

या वयाच्या मुलांना गर्व आणि नम्रता शिकवण्यासाठी मला सर्वांत योग्य वाटते ती नामानाची गोष्ट, राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायातली. ती सावकाश, सगळ्या तपशिलांसह सांगा, कारण तिची गंमत तपशिलात आहे. नामान हा अरामाच्या राजाचा सेनापती, मोठा शूर, पण त्याला कातडीचा रोग झालेला. त्याच्या घरात इस्राएलातून धरून आणलेली एक लहान मुलगी त्याच्या बायकोची दासी म्हणून राहत होती. शास्त्रात तिचे नावसुद्धा दिलेले नाही, पण वाट तिनेच दाखवली: शोमरोनात एक संदेष्टा आहे, तो धन्याला बरे करील. नामान निघाला तो दहा किक्कार रुपे, सहा हजार शेकेल सोने (किक्कार आणि शेकेल ही त्या काळची वजने), दहा पोशाख आणि राजाचे पत्र घेऊन, घोडे आणि रथांसह. त्या संदेष्ट्याच्या, म्हणजे अलीशाच्या, दाराशी तो थांबला, आणि अलीशा बाहेरही आला नाही! त्याने निरोप्याकडून सांगून पाठवले की, यार्देन नदीत सात वेळा स्नान कर. नामान संतापला. दिमिष्कातल्या अबाना आणि परपर या नद्या इस्राएलातल्या सगळ्या पाण्याहून चांगल्या नाहीत का, असे म्हणत तो परत फिरला. तेव्हा त्याच्या चाकरांनी त्याला समजावले की, संदेष्ट्याने एखादे अवघड काम सांगितले असते तर आपण ते केलेच असते; मग नुसते स्नान करून शुद्ध हो म्हटल्यावर का करू नये? तो पाण्यात उतरला, सात बुड्या मारल्या, आणि त्याची कातडी लहान मुलाच्या कातडीसारखी झाली.

या गोष्टीत गर्व म्हणजे काय ते मुलांना व्याख्येशिवाय कळते: नामानाला आपल्या मोठेपणाला शोभेल असेच औषध हवे होते, आणि धाकट्यांचे ऐकणे त्याला जड जात होते. नम्रताही तितकीच कळते, कारण तो शेवटी ऐकतो. तुमच्या वर्गातल्या त्या मुलासाठी तर ही गोष्ट देणगी आहे, कारण सगळ्या दरबारात खरी वाट ठाऊक होती ती दासी झालेल्या एका लहान मुलीला. नामान पाण्याबाहेर आला इथे गोष्ट थांबवा. पुढे अलीशाचा चाकर गेहजी याला लोभाची शिक्षा म्हणून नामानाचा रोग जडतो, तो भाग या वयाला भीतिदायक आहे, आणि रोग म्हणजे देवाने दिलेला दंड असा समज त्यातून होऊ शकतो. आज कुष्ठरोग औषधांनी पूर्ण बरा होतो आणि तो झालेल्या माणसापासून दूर पळायचे नसते, हेही दोन वाक्यांत सांगून टाका. गर्वामुळे बाबेलचा नबुखद्नेस्सर राजा बैलासारखा गवत खाऊ लागला ती गोष्ट मोठ्या वर्गासाठी ठेवलेली बरी.

पवित्र गुरुवारच्या आसपास, येशूने शिष्यांचे पाय धुतले त्या प्रसंगावरून, पाय धुण्याचा धडा घ्यायचा विचार तुमच्या मनात येईल, म्हणून एक गोष्ट आताच लिहून ठेवते. मुलांना एकमेकांचे पाय धुवायला लावू नका. कोणी कोणाचे धुवायचे यावरून पुन्हा उच्चनीच ठरेल, आणि ते काम बहुधा त्या गरीब मुलाकडेच जाईल. परात आणि तांब्या घेऊन तुम्ही स्वतः सगळ्यांचे पाय धुवा, आणि त्याचे पहिले किंवा शेवटचे नकोत, मधेच कुठेतरी धुवा, म्हणजे कोणी त्याच्याकडे वळून पाहणार नाही. योहानाच्या तेराव्या अध्यायातली ओळ मात्र त्याआधी तुम्ही स्वतःसाठी वाचा. पित्याने सर्व काही आपल्या हाती दिले आहे आणि आपण देवापासून आलो आहोत हे येशू जाणत होता, आणि ते जाणूनच तो भोजनावरून उठला व त्याने कमरेला रुमाल बांधला. आपण कोण आहोत हे ठाऊक असलेलाच असे खाली बसू शकतो. म्हणून त्या मुलाला आधी तो कोणाचा आहे ते कळू द्या. दुसऱ्यासाठी वाकणे त्याला पुढे कधीही शिकता येईल.

पाळकसाहेबांचे म्हणणे मी आदराने ऐकते, आणि विषय सोडू नये याबाबत मी त्यांच्याशी सहमत आहे. खुडण्याविषयी मात्र नाही. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात, स्वर्गाच्या राज्यात सर्वांत मोठा कोण असे शिष्यांनी विचारले, तेव्हा येशूने एका बालकाला बोलावून मध्ये उभे केले आणि या बालकासारखे नम्र व्हा असे मोठ्यांना सांगितले. त्या दिवशी शिकायचे होते ते शिष्यांना. हे त्यांच्याशी बोलताना वाद घालण्याऐवजी एक विनंती करा: ज्या रविवारी तुम्ही नामान शिकवाल त्या दिवशी त्यांनी वर्गात यावे आणि नामानाचे काम करावे. मुले चाकर होऊन त्यांना समजावतील आणि सगळी मिळून सात बुड्या मोजतील. कोणाही मुलाला नामान करू नका. पाळकसाहेबांना त्या दिवशी जमले नाही, तर ते काम तुम्ही करा.