दगड उलटून बघ

प्रश्न : सर, मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमचं गाव खानापूर तालुक्यात, मलप्रभेच्या काठाला. प्रोजेक्टसाठी आम्ही गावाजवळच्या वळणावरचं पाणी बाटलीत भरून कॉलेजच्या लॅबमध्ये तपासलं. पीएच (पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा) ७.२ आला, विरघळलेला ऑक्सिजन लिटरला ७.४ मिलिग्रॅम. ‘नदी निरोगी आहे’ असा निष्कर्ष लिहून प्रोजेक्ट द्यायचं ठरलंय. पण घरी आज्जी म्हणते, "डोहात मासा ऱ्हायला न्हाई, आणि नदी चांगली कशी म्हणतीस गं?" खरं कुणाचं धरू?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : आकडे खरे आहेत आणि आज्जीही खरी आहे. निष्कर्ष तेवढा घाईचा आहे, तो अजून लिहू नकोस.

बाटली किती वाजता भरलीस? बहुतेक कॉलेजची मुलं नाश्ता करून निघतात आणि अकराच्या सुमाराला नदीवर पोचतात. तोवर उन्हात शेवाळानं पाण्यात भरपूर ऑक्सिजन सोडलेला असतो. रात्री तेच शेवाळ आणि तळाचे जीव तो वापरतात, म्हणून पहाटे, उजाडायच्या आधी, तो सगळ्यात कमी असतो. माशाचा जीव जातो तो पहाटे. एकदा पहाटे पाचला घरच्या कुणाला तरी बरोबर घेऊन जा आणि तिथल्या तिथेच मोज.

पण ऑक्सिजन पहाटेही चांगला निघाला तर? निघू शकतो. कारण आपल्या भागात नदीला त्रास देणाऱ्या कितीतरी गोष्टी पीएचमध्ये दिसतच नाहीत. वाळू उपसली, की मासा जिथं अंडी घालतो तो खडीचा थरच जातो. विटांसाठी काठाची माती काढली, की पहिल्या वळवाला ती पाण्यात येते आणि दगडांमधल्या फटी बुजतात. कुणी ब्लीचिंग पावडर टाकून मासे मारले, तर दुसऱ्या दिवशी पाणी वाहून गेलेलं असतं. तुझ्या बाटलीत काहीच येत नाही. पण तळ मेलेला असतो.

म्हणून दगड उलटून बघ.

मागे एका नोव्हेंबरात मुलांना घेऊन मी मलप्रभेला मिळणाऱ्या एका ओढ्यावर गेलो होतो. मातीच्या खाणीच्या वरच्या बाजूला, गुडघाभर पाण्यातून नारळाएवढा दगड उचलला. खालून तो खरखरीत आणि स्वच्छ. त्यावर मेफ्लाय या नाजूक पंखवाल्या किड्याच्या चपट्या अळ्या, शेपटीला तीन केस, बोट लावलं की खेकड्यासारख्या आडव्या पळणाऱ्या. शेजारी कॅडिसफ्लाय या दुसऱ्या किड्याची अळी, वाळूचे कण एकाला एक चिकटवून स्वतःभोवती घर बांधलेली. मग खाणीच्या खाली, जेमतेम दीडशे पावलांवर, तसाच दगड धरला तर तो निघेना. चिखलात रुतलेला. ओढून काढला तेव्हा खालची बाजू काळी, बुळबुळीत, आणि तिच्यावर दोन लालभडक अळ्या वळवळत होत्या. या अळ्या लाल असतात त्या रक्तातल्या, ऑक्सिजन धरून ठेवणाऱ्या हिमोग्लोबिनमुळे, म्हणून जिथं बाकीच्यांचा श्वास कोंडतो तिथंही त्या तग धरतात. पीएच दोन्हीकडे सारखाच आला होता.

हे शास्त्र नवं नाही. कोल्कविट्झ आणि मार्सोन या जर्मन संशोधकांनी १९०८-०९ मध्येच पाण्यातल्या जीवांवरून प्रदूषण ओळखायची पद्धत मांडली होती. पुढे ब्रिटनमध्ये तळाच्या जीवांच्या कुळांना १ ते १० गुण द्यायची रीत आली : मेफ्लायच्या कित्येक कुळांना १०, त्या लाल अळ्यांच्या कुळाला २, गांडुळासारख्या किड्यांना १. बाटली त्या क्षणाचं सांगते, हे जीव मागच्या कित्येक आठवड्यांचं सांगतात. पाणी बिघडलं तरी त्यांना उठून जाता येत नाही.

आता जागा कशा निवडायच्या, ते नीट ऐक, कारण इथं मी स्वतः चुकलो आहे. तरुणपणी मी कणकुंबीकडच्या, म्हणजे मलप्रभेच्या उगमाकडच्या, ओढ्यातले किडे आणि खानापूरच्या पुलाखालचे किडे शेजारी ठेवले आणि सगळा फरक माणसाच्या नावावर टाकला. वर रानाची सावली, उतार, खडक, थंड पाणी. खाली सपाटी, ऊन, संथ धार. माणूस तिथं नसता तरी किडे वेगळेच निघाले असते! म्हणून एकच कारण धर. धुण्याचा घाट असेल तर घाटाच्या लगेच वर आणि लगेच खाली, दोन्हीकडे सारखी खोली, सारखा वेग, सारखे दगड. प्रत्येक ठिकाणी नऊ दगड. चहाची गाळणी, पांढरी परात आणि वही पुरे. मोजून झालं की जीव परत सोड आणि दगड होता तसा ठेव. नोव्हेंबरात पाणी निवळल्यावर एकदा, फेब्रुवारीत एकदा, मेमध्ये एकदा. पावसाळ्यात पाण्यात उतरायचं नाही. वीटभट्टीवाल्याचं किंवा कुणाचं नाव अहवालात घालू नकोस. त्यांच्याही घरात चुली आहेत, आणि आपण मोजायला गेलोय, भांडायला नाही.

राहिली आज्जी. डॅनियल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञानं १९९५ मध्ये एक गोष्ट मांडली : प्रत्येक पिढी आपण सुरुवातीला पाहिलेली अवस्था हीच मूळची समजते, त्यामुळे किती गेलं ते कुणाच्या लक्षातच येत नाही. तू पाहिलेली नदी आधीच खालावलेली आहे. म्हणून आज्जीची साक्ष प्रोजेक्टमध्ये घे, पण ‘पूर्वी मासे होते का’ असं मोघम विचारू नकोस. कोणता डोह, कोणता महिना, मरळ की शेंगाळा, जाळ्यात की गळाला, चिलापी (बाहेरून आलेला मासा) पहिल्यांदा कधी दिसली, पूल व्हायच्या आधी की नंतर. आणखी दोघा-तिघा म्हाताऱ्यांना वेगवेगळं गाठून हेच विचार. जुळेल ते एका रकान्यात लिही, न जुळेल ते दुसऱ्यात.

मेमध्ये पाणी उतरलं की आज्जीला एकदा काठावर ने. बसायला पाट ने, ऊन चढायच्या आत परत आण. आणि नऊ दगडांचे आकडे मला पाठव, पहिल्याच फेरीचे असले तरी चालतील.