सोनीची जुनी पीएसपी (हातात धरून खेळायचं गेम मशीन) पडून आहे, तिच्यावर कॅसेटवाले आणि पीएस वनचे, म्हणजे पहिल्या प्लेस्टेशनचे, गेम चालतील का, की नवीन हँडहेल्ड घेऊ?

चालतात, आणि मस्त चालतात. पीएस वनचे गेम हेच मुख्य असतील तर नव्या हँडहेल्डवर पैसे घालवूच नका. पीएसपीत पीएस वनसाठी सोनीने स्वतः बनवलेला एम्युलेटर (एका मशीनचे गेम दुसऱ्यावर चालवणारं सॉफ्टवेअर) आधीच आहे, पॉप्स म्हणतात त्याला, दोन्हीचा प्रोसेसर एकाच, मिप्स घराण्यातला, आणि एम्युलेटर सोनीचाच असल्याने वेगळी बायोस फाइल (मूळ मशीनचं आतलं सॉफ्टवेअर) वगैरे शोधत बसावं लागत नाही.

आधी बॅटरी काढून बघा. मागचं झाकण नीट बसत नसेल तर ती फुगलीय, चार्जिंगला अजिबात लावू नका, ई-कचऱ्यात द्या. नव्या बॅटरीसाठी, नाशकात असाल तर एमजी रोडला मोबाईल रिपेअरवाल्यांकडे चौकशी करा, नाहीतर ऑनलाइन मागवा. मेमरी स्टिकऐवजी मायक्रोएसडीचा अडॅप्टर चालतो.

मग सोनीचं ६.६० किंवा ६.६१ फर्मवेअर (मशीनचं मूळ सॉफ्टवेअर) टाका आणि त्यावर आर्क-४ हे कस्टम फर्मवेअर, म्हणजे बाहेरच्या लोकांनी बदललेलं. काही मॉडेलवर मशीन पूर्ण बंद केलं की कस्टम फर्मवेअर निघून जातं आणि परत लावावं लागतं, म्हणून स्लीपवरच ठेवत जा. पीएस वनच्या ओरिजिनल डिस्क घरात असतील तर पीसीवर त्यांची इमेज (पूर्ण डिस्कची एक फाइल) काढा, पीएसएक्सटूपीएसपी या प्रोग्रॅमने ईबूट, म्हणजे पीएसपीला चालणारी गेमची फाइल, बनवा, तो त्याच्या वेगळ्या फोल्डरसकट कार्डावरच्या पीएसपी फोल्डरमधल्या गेम फोल्डरात टाका, झालं. गेम भरून विकतात ती कार्डं घेऊ नका, कॉपीराइटचा प्रश्न आहेच आणि अर्धे गेम धड चालतही नाहीत.

बाकीच्यांना वेगळे एम्युलेटर लागतात: कॅसेटवाल्या गेमला नेस्टरजे, सेगाला पिकोड्राइव्ह, गेमबॉय अॅडव्हान्सला जीपीएसपी. सुपर निन्टेन्डोचे जड गेम मात्र अडखळतात, तिथे नवा हँडहेल्ड किंवा फोनच बरा.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, चित्र ताणू नका! पीएसपीची स्क्रीन ४८० बाय २७२ आणि कॅसेटवाल्या गेमचं चित्र २५६ बाय २४०, म्हणजे ते जसंच्या तसं, पिक्सेलला पिक्सेल, मधोमध बसतं. फुल स्क्रीन केलं की कॉन्ट्रातला माणूस बुटका, जाडा दिसतो आणि सरकताना कडा थरथरतात. ओरिजिनल साइजला ठेवा, दोन्ही बाजूंना काळी पट्टी राहू दे, दोन मिनिटांत डोळ्यांना सवय होते आणि मग तो वर वर खाली खाली डावी उजवी डावी उजवी बी ए वाला तीस लाइफचा कोड बोटं आपोआप दाबतात, आणि तो लागतोही, कारण गेम तोच आहे ना.

एक त्रास आहे, उन्हात स्क्रीन फार चमकते. पंचवटीने मुंबईला जाताना खिडकीशी बसलो की मला काही दिसत नाही, कसारा घाटातल्या बोगद्यांत तेवढं सगळं स्वच्छ दिसतं, त्यामुळे आतली सीट बघा. आणि पीएस वनच्या कंट्रोलरवरची एलटू-आरटू बटणं पीएसपीला नाहीत, तेव्हा फायटिंग गेम सुरू करायच्या आधी होम दाबून कंट्रोलर सेटिंगमध्ये ती दुसरीकडे लावून घ्या.