गुडघा लपवून ट्रायलला जाऊ नकोस

प्रश्न: ताई, मी नाशिकच्या सिडकोत राहतो, वय १९, एसवाय बीकॉमला आहे, फुटबॉलमध्ये स्टॉपर, म्हणजे मधला डिफेंडर खेळतो. दोन आठवड्यांनी मुंबईत एका क्लबची ट्रायल आहे. मागच्या महिन्यात मॅचमध्ये वळताना गुडघ्यात कट्ट आवाज आला, संध्याकाळपर्यंत टम्म सुजला. आता चालताना दुखत नाही, पण पळताना वळलो की सटकतो. घरी माहीत नाही. पप्पा अंबडला कंपनीत आहेत, ते आधीच म्हणतात गोल न मारणाऱ्याला कोण विचारतं. पेनकिलर घेऊन ट्रायल देऊ का? आत्ता नाही गेलो तर वय निघून जाईल.

उत्तर: अरे, ही ट्रायल सोड.

कट्ट आवाज, काही तासांत सूज आणि वळताना सटकणं, हे तिन्ही एकत्र आलं की एसीएल, म्हणजे गुडघा घट्ट धरणारं आतलं लिगामेंट, फाटल्याची शंका घ्यायलाच लागते. मी डॉक्टर नाही, कदाचित तसं नसेलही, पण ते ऑर्थोने तपासून आणि एमआरआय करूनच कळेल. चालताना दुखत नाही यावर जाऊ नकोस, तुझं काम चालायचं नाहीये ना, स्ट्रायकरवर नजर ठेवून उलटं पळायचं आणि तो आत कापला की एका पायावर गर्रकन वळायचं, आणि नेमका तिथेच हा गुडघा दगा देणार. पेनकिलरने दुखणं कळत नाही एवढंच, सटकणं थांबत नाही, आणि तसंच खेळत राहिलास तर आतली गादी पण फाटू शकते.

आता वयाचं. हे मला अजिबात पटलेलं नाही. डिफेंडरचं करिअर उशिरा पिकतं रे, कारण कुठे उभं राहायचं आणि पास कुठे जाणार हे मॅचेस खेळून खेळूनच येतं. अनस एडाथोडिका बघ, केरळच्या मलप्पुरमचा, गरिबीत रिक्षा चालवलेला पोरगा, आपल्याकडे मुंबई एफसी आणि पुणे एफसीला वर्षानुवर्षं खेळला आणि भारताकडून पहिली मॅच खेळला २०१७ मध्ये, तेव्हा तो ३० वर्षांचा होता. इटलीचा डिफेंडर कॅनाव्हारो, त्याला २००६ मध्ये बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार मिळाला तेव्हा तो ३३ चा. आणि आपल्या भारताचा डिफेंडर संदेश झिंगन, त्याचं तर गुडघ्याचंच झालं, २०१९ मध्ये लिगामेंट गेलं, अख्खा २०१९-२० सीझन बाहेर बसला, ट्रीटमेंट नीट पूर्ण केली आणि २०२०-२१ चा एआयएफएफचा, म्हणजे भारतीय फुटबॉल महासंघाचा, प्लेअर ऑफ द इयर तोच झाला. ऑपरेशन लागलंच तर साधारण नऊ महिने मैदान बंद, त्याआधी घाई केली तर परत फाटायचा धोका खूप वाढतो. १९ व्या वर्षी नऊ महिने तुला जड वाटणार हे मला समजतं, पण तू ते देऊ शकतोस.

पप्पांना आज रात्रीच सांग. ओरडतील, ओरडू देत. त्यांच्या पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार विमा, कापला जात असेल तर शिकणारा मुलगा २१ वर्षांपर्यंत त्यात बसतो, सातपूरला ईएसआयचं हॉस्पिटल आहे, तिथून सुरुवात करता येईल, म्हणजे खर्चाच्या भीतीने गप्प बसायचं कारणच उरत नाही. आणि गोलांवरून बोललेच तर त्यांना डिफेंडर थुरामचं सांग, फ्रान्सकडून १४२ मॅचेस, गोल फक्त २, आणि ते दोन्ही १९९८ च्या वर्ल्ड कप सेमीफायनलमध्ये, फ्रान्स २-१ ने जिंकलं. बाकीच्या १४१ मॅचेस त्याला गोलांसाठी कोणी टीममध्ये घेतलं नव्हतं!

बीकॉम मात्र सोडायचं नाही. अनस खेळला ते मुंबई एफसी आणि पुणे एफसी दोन्ही क्लब आज नाहीत, आणि २०२५ मध्ये आयएसएल, म्हणजे आपली देशातली मोठी फुटबॉल लीग, वेळेवर सुरू झाली नाही तेव्हा पगार थांबवायची वेळ आली होती. इटलीचा डिफेंडर किएल्लिनी युव्हेंटससारख्या क्लबला खेळता खेळता मॅनेजमेंटची मास्टर्स करून बसला, तुझं तर फक्त टीवाय राहिलंय.

क्लबवाल्यांना साधा मेसेज टाक, गुडघा दुखावलाय, तपासून घेतोय, या वेळी येत नाही, पुढची ट्रायल कधी ते कळवाल का. तुझ्या कोचलाही खरं सांग, ते तुला रोज त्या पायावर पळवतायत. आणि एमआरआयचा रिपोर्ट आला की मला लिही, मी वाट बघतेय.