लाडवापासून सुरुवात करा

सोसायटीच्या गणपतीत मुलांना 'छोटा भीम'मागचं विज्ञान सांगणार आहात? झकास! फक्त पहिल्याच दिवशी अख्खी मालिका सोलायला घेऊ नका. एकच प्रश्न धरा: लाडू खाऊन एवढी ताकद येईल?

बेसनाच्या मोठ्या लाडवात साधारण 200 किलोकॅलरी धरा, म्हणजे सुमारे 8.4 लाख ज्यूल. 4 टनांचा हत्ती 1 मीटर उचलायला लागतात जेमतेम 39 हजार. ऊर्जा पुरून उरते! घोडं अडतं ते वेळेपाशी. पचनाला तास लागतात, आणि स्नायू तेवढा जोर क्षणात लावूच शकत नाहीत. ऊर्जा वेगळी, शक्ती (म्हणजे ती ऊर्जा किती झटकन वापरता येते) वेगळी, हे मुलांना इथे पटकन उमगतं.

नवखे हमखास कुठे चुकतात?

- कॅलरी आणि किलोकॅलरीत गल्लत. उत्तर हजारपट चुकतं.
- 'हे शक्यच नाही' म्हणून विषय संपवणं. मुलं उठून जातात, आणि त्यांचं बरोबरच आहे.
- जग्गू माकड बोलतं कसं, यावर वाद. बोलू द्या की त्याला!

हाडं किती भार पेलतील वगैरे पुढच्या वर्षी. त्याआधी एकदा वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात चक्कर मारा; हाताळून बघायच्या प्रयोगांतून पुढचे प्रश्न मुलंच काढतील.